आधी पाठ बघा: जुन्या विमानांची सिगारेट कार्डं जमवताना

पहिलं कार्ड मला चोरबाजारात मिळालं. मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. त्यात चष्म्याच्या तुटक्या काड्या, निकेलची बटणं, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो आणि तळाशी आगपेटीएवढ्या रुंदीचं एक लांबट कार्ड. त्यावर दोन मजली पंखांचं विमान आणि पिवळट आभाळ. पण शेपटीसारखा भाग पुढे आणि फिरणारे पंखे मागे! छापणाऱ्याने चित्र उलटं लावलं असणार, असं मला वाटलं आणि चुकीचा छाप म्हणून वीस रुपयांना ते आनंदाने घेतलं. घरी येऊन पाठ वाचली. ते राइट बंधूंचं विमान होतं आणि चित्र अगदी बरोबर होतं. त्यांच्या विमानात वर-खाली जाण्यासाठीची आडवी पट्टी पुढेच असायची आणि पंखे पंखांच्या मागे. उलटा मीच होतो.

त्यानंतर पंधरा वर्षांत चोरबाजारात मला विमानाचं दुसरं कार्ड मिळालेलं नाही, तेव्हा हे वाचून शुक्रवारी तिकडे धावू नका. पण त्या दिवशी लागलेली सवय अजून आहे. कार्ड हातात आलं की आधी पाठ बघायची, मग चित्र. पुढे जे सांगणार आहे त्यातलं अर्ध्याहून जास्त याच सवयीतून आलेलं आहे.

ही कार्डं आली कुठून

सिगारेटची पाकिटं पूर्वी साध्या कागदाची असत. खिशात ती चेंगरू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा एक कडक तुकडा घालत. १८७०-८०च्या सुमारास अमेरिकेत त्या तुकड्यावर जाहिरात आणि मग चित्रं छापायला सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलची विल्स आणि नॉटिंगहॅमची प्लेअर्स या कंपन्यांनी त्याला शिस्त लावली: ठरावीक संख्येची मालिका, प्रत्येक कार्डाला क्रमांक, पाठीवर माहिती. संच पुरा करायचा तर त्याच छापाची सिगारेट ओढत राहायची, हा त्यातला धंदा. सिगारेट बापाची, कार्ड पोराच्या खिशात. आपल्याकडे पोरं आगपेटीच्या छापा जमवून त्यावर डाव लावायची, त्यातलाच हा प्रकार.

ही कार्डं ऐन भरात होती तेव्हाच विमान जन्माला आलं. १७ डिसेंबर १९०३ला राइट बंधू उडाले, पण युरोपातल्या सामान्य माणसाला विमान दिसलं ते पाच-सहा वर्षांनी. २५ जुलै १९०९ला लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली, ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या ऱ्हँस गावी विमानांचा पहिला मोठा मेळा भरला, आणि १९१०मध्ये विल्सने ‘एव्हिएशन’ ही ५० कार्डांची मालिका बाजारात आणली. आज आपण ज्याला विमानाचा आरंभकाळ म्हणतो, ती त्या कार्डांवर ताजी बातमी आहे.

१९१७मध्ये युद्धातल्या कागदटंचाईने ब्रिटनमधली कार्डं थांबली, १९२०च्या दशकात पुन्हा सुरू झाली आणि १९४०मध्ये दुसऱ्या युद्धाने बंद पडली. तुमच्या हातात ब्रिटिश कार्ड येईल ते बहुतेक या दोन तुकड्यांपैकी एकातलं.

बातमी हवी की इतिहास, हे ठरवा

नवीन माणूस विमान दिसलं की कार्ड घेतो. वर्षभराने त्याच्याकडे शंभर कार्डं असतात आणि संग्रह मात्र नसतो. म्हणून पैसे काढण्याआधी एकच गोष्ट ठरवा: चित्रातलं विमान आणि कार्ड एकाच काळातलं हवं, की मागे वळून पाहणारं कार्डही चालेल?

एकाच काळातलं हवं असेल तर विल्सची १९१०ची मालिका हा पाया. तिच्यात फुग्यांपासून आणि वायू भरलेल्या हवाई जहाजांपासून त्या वेळच्या विमानांपर्यंत सगळं येतं. लॅम्बर्ट अँड बटलर या कंपनीची १९१५ची ‘एव्हिएशन’ २५ कार्डांची. तोवर विमान मेळ्यातून रणांगणावर गेलेलं आहे आणि मालिकेचा सूरही बदललेला आहे. अमेरिकेतही १९१०-११च्या सुमारास वैमानिकांची आणि विमानांची कार्डं निघाली. तिकडच्या मालिका जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने लावलेल्या सूचीच्या क्रमांकांनी ओळखतात. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘टी’ हे अक्षर लागतं, बेसबॉलच्या प्रसिद्ध ‘टी २०६’ मालिकेसारखं.

मागे वळून पाहणारी चालत असतील तर काम सोपं आणि स्वस्त होतं. लॅम्बर्ट अँड बटलरची ‘हिस्टरी ऑफ एव्हिएशन’ १९३२मध्ये हिरव्या छटेत आणि पुढच्या वर्षी तपकिरी छटेत निघाली. दोन्ही वेगळ्या धरतात, मिसळू नका. प्लेअर्सच्या १९३५च्या ‘एरोप्लेन्स (सिव्हिल)’, १९३६च्या ‘इंटरनॅशनल एअर लायनर्स’ आणि १९३८च्या ‘एअरक्राफ्ट ऑफ द रॉयल एअर फोर्स’ या मालिका प्रत्येकी ५० कार्डांच्या. यांत आरंभकाळ नाही, विमानं तेव्हाचीच आहेत, पण त्या इतक्या मोठ्या संख्येने छापल्या गेल्या की अख्खा संच अजूनही सहज मिळतो. नवशिक्याने हात यांच्यावर बसवावा असं माझं मत आहे. महागातलं कार्ड हाताळताना बोटं थरथरतात आणि नेमका तेव्हाच कोपरा दुमडतो.

मराठी माणसाला १९३०च्या दशकात आणखी एक धागा सापडतो. लंडन ते कराची ही इम्पीरिअल एअरवेजची हवाई वाट १९२९मध्ये सुरू झाली आणि १५ ऑक्टोबर १९३२ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. लॅम्बर्ट अँड बटलरची १९३६ची ‘एम्पायर एअर रूट्स’ ही २५ कार्डांची मालिका त्याच काळातली आहे. ती मी केवळ या शेजारासाठी घेतली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

अख्खा संच पुरा करण्याचा हट्ट नसेल तर प्रत्येक मालिकेतलं एकेक कार्ड नमुना म्हणून ठेवणारेही पुष्कळ आहेत. जागा कमी लागते. बायकोही कमी बोलते.

पाठ वाचायची कशी

पाठीवर चार गोष्टी शोधा: मालिकेचं नाव, एकूण संख्या, कार्डाचा क्रमांक आणि कंपनीची ओळ.

कंपनीची ओळ सगळ्यात कामाची. १९०१च्या अखेरीस विल्स, प्लेअर्स, लॅम्बर्ट अँड बटलर वगैरे कंपन्या इम्पीरिअल टोबॅको या छत्राखाली एकत्र आल्या. त्यामुळे त्यानंतरच्या ब्रिटनमधल्या कार्डांवर ‘इम्पीरिअल टोबॅको कंपनीची शाखा’ अशा अर्थाची ओळ येते. १९०२मध्ये परदेशातल्या विक्रीसाठी ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही वेगळी कंपनी निघाली. म्हणून विल्सचं नाव आहे पण इम्पीरिअलची ओळ नाही, असं १९०२नंतरचं कार्ड दिसलं तर ते ब्रिटनबाहेर विकायला काढलेलं असण्याची शक्यता मोठी.

याचा फटका मला असा बसला. विल्सच्या १९१०च्या मालिकेतली वीस-बावीस कार्डं मी सुटी सुटी घेत गेलो. क्रमांक जुळत होते, चित्रं एकाच घराण्यातली होती. एके दिवशी लिलावातून ६२ क्रमांकाचं कार्ड आलं. पन्नासाच्या मालिकेत बासष्टावं कार्ड कुठून येणार? सगळ्या पाठा उलटून पाहिल्या तेव्हा कळलं की माझ्या ‘संचा’तली नऊ कार्डं ऑस्ट्रेलियातली होती. तिकडे विल्सने याच विषयाच्या ७५ आणि ८५ कार्डांच्या मालिका काढल्या होत्या. विकणाऱ्यांनी फक्त चित्रांचे फोटो टाकले होते आणि मी पाठीचे मागितले नव्हते. दोष त्यांना देता येत नाही.

आपल्या देशाचाही यात एक कोपरा आहे. विल्सच्या ‘सिझर्स’ या छापाची सिगारेट भारतात, विशेषतः गोऱ्या पलटणींत खपायची आणि तिच्यासोबत कार्डं निघत. मुंबई-पुण्यात जुन्या घरांच्या सामानात ‘सिझर्स’ची पाठ असलेली कार्डं अधूनमधून दिसतात. विमान नसलं तरी सोडू नका, अदलाबदलीला उपयोगी पडतात.

चित्रातलं विमान ओळखा

इथे थोडा वेळ घालवा, कारण मजा इथेच आहे. शीर्षक झिजलं असेल किंवा विकणाऱ्याने मोघम ‘जुनं विमान’ लिहिलं असेल, तरी चार-पाच यंत्रं नजरेने ओळखता आली पाहिजेत.

राइट: दोन मजली पंख, पुढे आडव्या पट्ट्यांची जोडी, मागे दोन पंखे, आणि त्यांना साखळीने फिरवणारं एकच इंजिन. सुरुवातीच्या नमुन्यांना चाकं नव्हती, घसरपट्ट्या होत्या. चाकं दिसली तर विमान नंतरच्या नमुन्याचं आहे किंवा चित्रकाराने मनाने घातली आहेत.

ब्लेरिओ: एकच पंख, पंखा पुढे, आणि धडाचा मागचा भाग कापडाने न झाकलेला. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आरपार दिसतो, पतंगाच्या कामट्यांसारखा. तो दिसला की शंका उरत नाही.

सांतोस-द्युमोंचं ‘दमॉझेल’: इवलंसं विमान, पंख वर आणि वैमानिक त्याखाली जवळजवळ जमिनीला टेकून बसलेला. सांगाड्यात बांबू. याच माणसाचं १९०६चं पॅरिसमधलं विमान अगदी वेगळं दिसतं: खोक्यांच्या पतंगांसारखे पंख आणि लांब मान पुढे काढलेली, म्हणून त्यालाही नवशिके उलटं समजतात. मी एकटाच नव्हतो, हे समाधान.

‘आंत्वानेत’: लांब, नाजूक, होडीसारखं धड. ह्युबर्ट लॅथम याच विमानातून ब्लेरिओच्या आधी खाडी ओलांडायला निघाला आणि पाण्यात पडला.

कोडी: अमेरिकेहून इंग्लंडमध्ये आलेला, पतंगांत मुरलेला माणूस. १६ ऑक्टोबर १९०८ला फार्नबरोला त्याने ब्रिटनमधलं पहिलं मान्यताप्राप्त इंजिनाचं उड्डाण केलं. विमान अवाढव्य, दोन मजली.

रंगांवर मात्र जाऊ नका. चित्रकार काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून काम करत, तेव्हा आभाळाची गुलाबी आणि पंखांची पिवळी छटा ही बरेचदा त्यांची कल्पना असते. तुलनेसाठी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संकेतस्थळावर जॉर्ज अरेंट्स संग्रहातल्या हजारो सिगारेट कार्डांची चित्रं फुकट पाहता येतात. एखादी रात्र त्यात घालवलीत की पुढचे सहा महिने फसवणूक टळते.

अवस्था आणि किंमत

चार कोपरे, चार कडा, पृष्ठभाग आणि पाठ, याच क्रमाने बघा. कोपरा टोकदार आहे की गोल झालाय? आडवी घडी पडली आहे का? कार्ड तिरपं धरून उजेडात फिरवा. सरळ पाहताना लपलेली घडी तेव्हा रेघेसारखी चमकते. तंबाखूचा फिकट तपकिरी डाग मला चालतो, तो कार्डाच्या जन्माचा दाखला आहे. शाई आणि चिकटपट्टी चालत नाही.

मग पट्टी घ्या. प्रमाण आकाराचं ब्रिटिश कार्ड साधारण ६७-६८ मिलिमीटर उंच आणि ३६ मिलिमीटर रुंद असतं. एखादं कार्ड कोपऱ्यांना फारच धारदार आणि एक-दीड मिलिमीटरने बुटकं असेल, तर कुणीतरी झिजलेली कड कापून टाकली आहे.

आल्बममध्ये चिकटवलेली कार्डं स्वस्त मिळतात आणि स्वस्तच राहतात. काही विक्रेते ती पाण्यात भिजवून सोडवतात आणि ‘पाठ किंचित फिकट’ असं लिहून विकतात. पाठीवरचा मजकूरच गेला असेल तर माझ्या लेखी ते अर्धं कार्ड आहे.

भावासाठी लिलावात मागितलेली किंमत पाहू नका, सौदा कितीला झाला ते पाहा. लंडन सिगारेट कार्ड कंपनी १९२७पासून या धंद्यात आहे. तिच्या किमतींच्या सूचीवर जगभरचे लोक अवलंबून असतात. सूचीतला भाव चांगल्या अवस्थेतल्या कार्डाचा असतो, हे लक्षात ठेवून घासाघीस करा.

नक्कल ओळखणं

गाजलेल्या कित्येक मालिका गेल्या चाळीसेक वर्षांत पुन्हा छापल्या गेल्या आहेत. त्यात बेकायदा काही नाही. बहुतेकांच्या पाठीवर पुनर्मुद्रण असल्याचं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. अडचण तेव्हा येते जेव्हा विकणारा ती ओळ वाचत नाही किंवा तुम्हाला वाचू देत नाही. मी एकदा ‘१९१०चा संच, जणू नवा’ असा घेतला होता. पाकीट उघडल्यावर वास आला तो नव्या कोऱ्या शाळेच्या पुस्तकाचा. तिथेच समजायला हवं होतं.

दोन साधी हत्यारं पुरतात. एक, नोटा तपासायचा जांभळा दिवा. अंधारात तो कार्डावर मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून टिनोपॉलसारखी द्रव्यं कागदात घालायला साधारण १९५०च्या आसपास सुरुवात झाली. माझा तो ‘जणू नवा’ संच त्या दिव्याखाली धुतलेल्या शर्टासारखा निळा चमकला. चोरबाजारातलं राइटचं कार्ड मात्र मळक्या भिंतीसारखं मंद राहिलं. चमकलं तर कार्ड नवं किंवा त्यावर नंतर काहीतरी केलेलं. चमकलं नाही म्हणून जुनंच, असं मात्र नाही.

दुसरं हत्यार म्हणजे घड्याळजीचं दहापट भिंग. पहिल्या महायुद्धापूर्वीची रंगीत कार्डं दगडी छापाची, प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. भिंगातून हाताने टाकल्यासारखे वेडेवाकडे ठिपके आणि भरीव रंग दिसतात, अक्षरांच्या कडा सलग असतात. आजच्या छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची सारखी, फुलांसारखी नक्षी दिसते आणि जुनं कार्ड स्कॅन करून छापलं असेल तर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनलेली असतात. १९३०च्या दशकातल्या कार्डांवर मात्र ही कसोटी जपून लावा, तोवर जाळीची, म्हणजे ठिपक्यांची छपाई रुळली होती.

विकत घेताना

इथे मिळण्याचा भरवसा नाही, तेव्हा बहुतेक खरेदी ब्रिटनमधूनच होते. पुण्यात जुन्या बाजाराला बुधवारी-रविवारी चक्कर मारायला हरकत नाही. मुंबईत फोर्टातल्या टपालाची जुनी तिकिटं विकणाऱ्यांना सांगून ठेवा. सिगारेट कार्ड म्हटल्यावर त्यांना पटकन उमगलं नाही तर नमुना दाखवा.

बाहेरून मागवताना पैसे भरण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो मागा, आणि एकूण किती कार्डं, कोणत्या क्रमांकांची, हे लिहून घ्या. सुटी कार्डं एकेक मागवली तर टपालखर्च कार्डाच्या वर जातो. एकाच विक्रेत्याकडून दहा-पंधरा एकदम घ्या. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून, रबरबँड न लावता पाठवायला सांगा. आणि पाकिटावर नुसतं ‘सिगारेट’ न लिहिता ‘जुनी छापील चित्रकार्डं, तंबाखू नाही’ असं खरं ते सविस्तर लिहायला सांगा. कस्टमची ड्युटी लागू शकते. मग ती भरल्यावरच पोस्टमन पाकीट हातात देतो. तो खर्च आधीच हिशोबात धरा.

पावसाळा

इंग्रजी पुस्तकांत जतनाचे जे सल्ले असतात ते कोरड्या, थंड घरांतल्या लोकांनी लिहिलेले असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा वेगळा विषय आहे.

१९३०च्या दशकात प्लेअर्ससारख्या कंपन्यांनी कार्डांच्या पाठीला गोंद लावायला सुरुवात केली. आल्बम एका पेनीला मिळायचा, कार्ड ओलं करायचं आणि चिकटवायचं. नव्वद वर्षांनीही तो गोंद जागाच असतो. माझ्या प्लेअर्सच्या १९३८च्या संचाला, ज्यात स्पिटफायर हे लढाऊ विमान आहे, मी रबरबँड लावून लोखंडी कपाटात ठेवलं होतं. जुलैभर पाऊस. गणपतीत कपाट उघडलं तर पन्नास कार्डांची एक वीट झालेली. पाण्याला किंवा वाफेला मी हात लावला नाही, ही एकच शहाणी गोष्ट केली. वीट ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात महिनाभर ठेवली. गोंद वाळून कडक झाल्यावर कडेने हलकेच वाकवलं की एकेक कार्ड टक्कन सुटायचं. एकतीस वाचली. बाकीच्यांची चित्रं पुढच्या कार्डाच्या पाठीवर राहिली.

तेव्हा गोंदाची कार्डं एकमेकांना कधी टेकू देऊ नका. प्रत्येक कार्ड वेगळ्या कप्प्यात. प्लॅस्टिकची पानं पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची घ्या, पीव्हीसीची नकोत. पीव्हीसीतलं मऊपणाचं द्रव्य काही वर्षांत बाहेर येतं आणि छपाईला चिकटतं. प्रमाण आकाराची दहा कार्डं एका पानात बसणारी तयार पानं मिळतात. आल्बम उभा ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. डब्यात सिलिका जेल घाला, रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडं करा. दर पंधरा दिवसांनी उघडून बघा, कारण कसर ओलाव्यावर येते आणि तिला गोंद आवडतो. डांबराच्या गोळ्या टाकू नका, वास कायमचा बसतो. भिंतीवर लावायचं असेल तर रंगीत प्रत काढून लावा, मूळ कार्ड उन्हात फिकं पडतं.

वही

कार्डावर पेन्सिलनेही काही लिहू नका. वहीत लिहा: कंपनी, मालिका, वर्ष, क्रमांक, अवस्था, कुठून घेतलं, कितीला, ड्युटी धरून. पाठीचा फोटो काढून त्याच क्रमांकाने फोनमध्ये ठेवा, म्हणजे दुकानात उभं असताना दुसऱ्यांदा तेच कार्ड घेतलं जात नाही. माझ्याकडे एक क्रमांक तिनदा आहे.

मी त्यात एक रकाना जास्तीचा आखला आहे: पाठीवर लिहिलेलं आज कुठे चुकतं. वेग, अंतर, अमुक यंत्राला भविष्य आहे आणि तमुकाला नाही, असली विधानं. राइटच्या कार्डापुढे त्या रकान्यात कार्डाची एकही चूक नाही. तिथे मी स्वतःची लिहून ठेवली आहे: ‘चित्र उलटं नाही.’